बुटातली बाधा

करमाडला दर गुरुवारी सकाळी सात वाजता तीन-चारशे माणसं रांगेत उभी असायची आणि प्रत्येकाच्या हातात गाठ मारलेली कॅरीबॅग असायची. पिशवीत स्वतःचे बूट. जालना रोडनं जाणारा एखादा नवखा मोटरसायकल थांबवून विचारायचा, "बुटांचं वाटप आहे का काय इथं?"

"वाटप नाय. बाबा वास काढतात."

"कशाचा?"

"बुटांचा."

नवखा पोट धरून हसायचा आणि निघून जायचा. पुढच्या गुरुवारी तोच नवखा रांगेत दिसायचा, पिशवी घेऊन. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

चमत्कार खरा होता, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या गुरुवारी जमा केलेले जोडे या गुरुवारी परत मिळायचे. माणसं तिथंच बूट हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि आत नाक खुपसायची. शेंद्र्याच्या कंपनीतला एक ऑपरेटर, चांगला झुपकेदार मिशांचा गडी, बुटात तोंड घालून ढसाढसा रडला. "तीन महिने झाले हो, बायको बूट अंगणातबी ठेवू देत नव्हती!" आजूबाजूचे ओरडले, "निर्गंधबाबा की जय!" त्यानं तो बूट माझ्याही नाकाशी धरला. मी हुंगला. वास खरंच नव्हता. थोडा कापराचा होता, बाकी काही नाही.

माझं नाव सर्जेराव. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालो. एकतीस वर्षं माझी खुर्ची खेळाच्या सामानाच्या खोलीत होती आणि त्या खोलीत चाळीस पोरांचे बूट कपाटात बंद असायचे. या विषयात माझ्या नाकाएवढा अनुभव पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाच्या नाकाला नाही. त्यामुळं बाबा वासावर प्रवचन देऊ लागले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"वास कोणाला येतो?" बाबा विचारायचे.

"नाकाला!" लोक म्हणायचे.

"नाक कोणाचं?"

"देहाचं!"

"देह कोणाचा?"

"मातीचा!"

"मग वास कोणाचा?"

"मातीचा!"

"चूक!" बाबा मांडीवर थाप मारायचे. "पापाचा! बेटा, ये बूट नहीं है, ये तेरे कर्म का डब्बा है!"

चारशे माणसं एकदम हळहळायची. वर्गात पोरांनी इतक्या एका सुरात उत्तरं दिली असती तर मी पेढे वाटले असते.

मग मुख्य कार्यक्रम. बाबा बुटाला हात लावत नसत. शिष्य बांधलेली पिशवी त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरायचा. बाबा दीर्घ श्वास घ्यायचे, बुबुळं वर फिरवायचे, आणि पिशवी न उघडता आतल्या बुटाची कुंडली सांगायचे. "भाऊबंदकीची नजर." "अमावस्येला तिठ्यावरचा उतारा ओलांडला." "शंभर पिशव्यांत लपवा, बाधेचा जोडा मी ओळखीन!" मग पिशव्या हिरव्या जाळीमागं जायच्या. तिथं जोड्यांचा तीन दिवस उपवास असे, म्हणजे त्यांत कोणाचा पाय जायचा नाही. अंगाऱ्याचं स्नान, मंत्र, आणि गुरुवारी दर्शन. भक्तासाठीही एक नियम होता: मोजा रोज धुतलेलाच घालायचा.

गिऱ्हाईक कमी नव्हतं. आमच्याकडची पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे साडेचारला सर्व्हिस रोडवर पळायचं, घामानं चिंब व्हायचं आणि त्याच बुटांनी शेंद्र्याच्या कंपनीत ड्युटीवर जाऊन आठ तास उभं राहायचं. दुसरा जोडा घेण्याची ऐपत कोणाला आहे? घरी आलं की आई ओरडणार, बाप नाकाला उपरणं लावणार. मग बूट कॅरीबॅगेत कोंबायचे, गच्च गाठ मारायची आणि कोपऱ्यात ढकलायचे. पहाटे पुन्हा तेच ओले बूट पायात. अशा जोड्याला बाधा झाली नसती तरच चमत्कार म्हणायचा.

या पोरांत माझी दिपाली होती. माझी म्हणजे सोनाजी मेंढपाळाची. एकोणीस वर्षांची. निवृत्तीनंतरही पोरांना पळवायला शाळेच्या किल्ल्या माझ्याकडंच होत्या; पहाटे मी मैदानाचं कुलूप काढायचो त्याआधी ती फाटकाशी उभी असायची. आठशे मीटर अशी पळायची की घड्याळ बंद पडलं की काय म्हणून मी दोनदा बघायचो. लेखी परीक्षेची मला चिंता नव्हती. शहरातली मैदानी चाचणी बारा दिवसांवर आली होती आणि पोरगी लंगडत होती.

"काय झालं?"

"काय नाय सर."

"बूट काढ."

तिनं काढले. वास तर आलाच, पण बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. चिखल्या. मी म्हणालो, "दवाखान्यात गेलीस का?"

"गेले होते. तनुजा मॅडमनी मलम दिलं. पण बाबा म्हणले मलम लावू नको, बाधा आत शिरती. आबांनी मलम उकिरड्यावर टाकून दिलं."

तिचे बूट बाबांकडे दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा वास गेला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत आला. बाकीच्यांचाही परत यायचा, पण ते मुकाट्यानं पुन्हा रांगेत लागायचे. सोनाजी सरळ माणूस. त्यानं भर मंडपात विचारलं, "बाबा, तुम्ही काढता अन् पुन्हा येतो. असं कसं?"

बाबांनी पिशवी हुंगली. डोळे फिरवले. बराच वेळ फिरवले, कारण उत्तर शोधायचं होतं.

"हा वास बुटाचा नाही," ते म्हणाले. "ह्या पोरीच्या पायानं उंबऱ्याची मर्यादा सोडली. पुरुषांच्या बरोबरीनं पळती. घरच्या देवाचा कोप आहे. पळणं बंद होईल त्या दिवशी वास जाईल. हा जोडा मी घेत नाही. ले जाओ!"

दिपाली माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिनं पिशवी उचलली आणि मान खाली घालून निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भयंकर संताप आला.

त्याच दिवशी मी सोनाजीच्या घरी गेलो. सोनाजी ओट्यावर लोकर पिंजत बसला होता. बानाबाईनं चहा ठेवला.

"सर, तुम्ही लई केलं पोरीसाठी," सोनाजी म्हणाला. "पण आता नाय. सोयगावचं स्थळ आलंय. रविवारी नाय, त्याच्या पुढच्या रविवारी पाव्हणे येतेत."

"तिची चाचणी त्यानंतरच्या मंगळवारी आहे!"

"म्हणून तर पाव्हण्यांना आधी बोलावलं. देवाचा कोप घेऊन पोरगी वर्दी घालंल का?"

"अरे, तू एवढा शहाणा माणूस!"

"शहाणा असतो तर मेंढरामागं हिंडलो असतो का?"

आतून बानाबाई म्हणाली, "मला तर वाटतंय पळू द्यावं. पण घरात काय अशुभ झालं तर माझ्याच नावानं खडे फोडत्याल समदे."

मी चहा संपवला आणि शेवटचं अस्त्र काढलं. "सोनाजी, पुढच्या गुरुवारपर्यंत थांब. पुढच्या गुरुवारी तुझ्या बाबानंच या जोड्यात बाधा नाही म्हणून सांगितलं तर?"

त्यानं लोकर बाजूला सारली. "बाबा म्हणले तर पळू दे. मी सोयगावला नकार कळवतो. पण बाबा कशाला म्हणतेत?"

ते मलाही माहीत नव्हतं.

मला पहिला धागा मिळाला तो आप्पासाहेबांच्या किराणा दुकानात. ते माझ्या वर्गातले, म्हणजे मी चौथीत असताना तेही चौथीत होते. मी तांदूळ घेत होतो तर ते खालच्या आवाजात म्हणाले, "सर, तुमचे ते बाबा भजी लई खातेत का हो?"

"का?"

"खाण्याचा सोडा! दर बुधवारी त्यांचा शिष्य मोठमोठे पुडे घेऊन जातो. एवढ्या सोड्यात गावजेवणाची भजी फुगतेल."

"पण तिथं प्रसादाला फुटाणे असतात."

"तेच तर म्हणतो."

मी तांदूळ तिथंच विसरून शाळेकडं निघालो. आमच्या शाळेची गच्ची गावात सगळ्यांत उंच. मैदानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात गच्चीचीही किल्ली होती. दिपालीला सोबत घेतलं, कारण माझे गुडघे जिन्याशी भांडतात आणि डोळे तिचे चांगले.

पाऊस उघडून पंधरवडा झाला होता, ऊन चटके देत होतं. आश्रमाला चारी बाजूंनी हिरवी जाळी होती. पण वरून झाकायचं बाबा विसरले होते. किंवा विसरले नव्हते, वरून झाकलं असतं तर धंदाच बुडाला असता.

"सर," दिपाली म्हणाली, "पत्र्यावर बघा."

पत्र्यावर बूटच बूट. शे-दीडशे जोडे, सगळ्यांच्या नाड्या सैल केलेल्या, जिभा बाहेर ओढलेल्या. शेजारी सुखतळे काढून वेगळे मांडलेले. काही बुटांत वर्तमानपत्राचे बोळे. एक शिष्य एकेक बूट उलटा करून आपटत होता आणि त्यातून पांढरी भुकटी पडत होती. ना मंत्र, ना आरती. शिष्याच्या मोबाईलवर कव्वाली लागली होती.

"अंगारा," मी म्हणालो.

"सोडा," ती म्हणाली. मग हळूच, "सर, नुसता सोडा अन् ऊन? एवढंच?"

एवढंच. मी पायरीवर बसलो. इतकं सोपं होतं तर गावात कोणाला का सुचलं नाही? दिपालीनंच सांगितलं. "घराच्या पत्र्यावर पायातलं कोण ठेवतंय सर? डोक्याच्या वर चप्पल गेली तरी माय पाठीत धपाटा घालती. आपल्यात बूट एक तर खाटेखाली, नाय तर मेंढरांच्या वाड्यात. अन् तुम्ही म्हणला होता तशी पिशवीला गच्च गाठ मारून."

"मी म्हणालो होतो?"

"व्हय की. उन्हाळ्यात. शेअर रिक्षातले लोक नाक दाबायचे, तर तुम्हीच म्हणला, बूट कॅरीबॅगेत बांधत जा."

घ्या. म्हणजे बाधा मीच बांधून दिली होती. एकतीस वर्षं पोरांचे ओले बूट कपाटात कोंडून घेतले, वर कुलूप लावलं, आणि आता बाबाच्या अडाणीपणाला हसत होतो. खरं सांगतो, त्या पायरीवर मला स्वतःची फार लाज वाटली.

तिथून आम्ही तडक आरोग्य केंद्रात गेलो. तनुजा मॅडम आमच्या डॉक्टर, वयानं लहान पण तोंडानं तिखट. त्यांनी दिपालीचे पाय बघितले आणि मलाच झापलं. "घामाला स्वतःला फारसा वास नसतो सर. बूट ओला राहिला की त्यात जंतू वाढतात. ते घाम आणि पायाची मेलेली कातडी खातात, त्यातून तो आंबूस वास सुटतो. सोडा आंबूसपणा मारतो. ऊन-वाऱ्यानं बूट सुकतो आणि जंतूंची उपासमार होते. बाबाचं ते तीन दिवस बूट न घालणं, रोज धुतलेला मोजा, सगळं बरोबर आहे. फक्त कारण खोटं आहे. आणि हिचा वास लवकर परत येतो, कारण हिच्या बोटांत चिखल्या आहेत. बूट कितीही धुवा, पाय बरा नाही केला तर उपयोग काय? मलम कुठाय?"

"उकिरड्यावर," मी म्हणालो.

मॅडमनी दुसरी ट्यूब हातात ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी आपोआप ताठ उभा राहिलो.

मग आमचा उपवास सुरू झाला. सुखतळे काढले, साबणाच्या पाण्यानं घासले. बुटात रात्रभर सोडा, सकाळी झटकून शाळेच्या गच्चीवर. दुपारचं ऊन फार कडक झालं की जिन्याच्या सावलीत, वाऱ्याला, नाही तर सोल उखडायचा. कंपनीत जायला तिनं माझ्या पुतणीचे जुने बूट घेतले. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करून मलम. ही ट्यूब बानाबाईनं पिठाच्या डब्यात लपवली होती, हे मला नंतर कळलं. पाचव्या दिवशी दिपाली लंगडणं विसरली. सहाव्या दिवशी मी तिच्या बुटात नाक घातलं. काही नाही. कापूरसुद्धा नाही.

बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "सर, उद्या नुसता माझा जोडा नेला तर बाबा बघताक्षणी म्हणतेल, बाधा आहे. मला बघूनच सांगतेत ते. बूट हुंगून नाय."

"मग?"

"ते म्हणतेत ना, शंभर पिशव्यांत लपवा? आपण तीन करू." ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. "एकात आप्पासाहेबांचा जोडा घालू, त्यांनीबी गेल्या गुरुवारी दिलाय, उद्या बाबांकडूनच परत मिळंल. एकात माझा. अन् एकात आमच्या एडक्याची लोकर. आबा आज त्याला धुणार हायेत. ओली लोकर आणते."

मी एकतीस वर्षांत कोणत्याच पोराला इतक्या मनापासून शाबासकी दिली नव्हती.

गुरुवारी मंडप खचाखच भरला होता. मी हात जोडून पुढं गेलो. माझ्यासारखा नास्तिक हात जोडतो म्हटल्यावर बाबा खूश झाले. "आ गये मास्टर! सबका नंबर आता है."

"बाबा, शरण आलो," मी म्हणालो. "फक्त एक दर्शन घडवा. या तीन पिशव्यांत तीन खोकी आहेत. एकात सोनाजीच्या पोरीची बाधा आहे. कोणत्या, ते सांगा. तुमचं तेज पाहून माझ्यासारखे आणखी दहा मास्तर सुधरतील."

बाबा क्षणभर चाचरले. पण समोर चारशे माणसं आणि शंभर पिशव्यांची बढाई त्यांचीच. लोक ओरडले, "दाखवा बाबा, दाखवा!" पिशव्या मीच त्यांच्या नाकासमोर धरल्या. कोणत्या खोक्यात काय, हे मला आणि दिपालीला माहीत होतं. सोनाजी पहिल्या रांगेत उकिडवा बसला होता, त्यालाही माहीत नव्हतं.

पहिली पिशवी. बाबांनी हुंगली. "शुद्ध! ये तो मेरे दरबार का जोडा है."

दुसरी. पुन्हा एक श्वास. "हाही शुद्ध. ह्यावर माझा हात फिरलेला आहे."

तिसरी. बाबा एकदम मागं सरकले. उपरणं नाकाला गेलं. अंग थरथरलं, बुबुळं फिरली. "हीच! हीच ती! ह्याच पायांनी उंबरा ओलांडला! सोनाजी, ही तुझी पोरगी!"

मंडपात बायका "आई गं!" म्हणून तोंडाला पदर लावू लागल्या. सोनाजीचा चेहरा पडला.

"सोनाजी," मी म्हणालो, "तूच उघड."

तो उठला. त्यानं तिसरं खोकं उघडलं, आत हात घातला आणि ओल्या लोकरीचा गोळा बाहेर काढला. कसली लोकर ते त्याला हुंगावं लागलं नाही. "हा तर आमचा एडका," तो म्हणाला.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी दुसरं खोकं उघडून दिपालीचे बूट वर धरले, ज्यावर बाबांचा हात फिरलेला होता ते. आठ दिवसांत बाबांनी पाहिलेही नव्हते.

आता बाबा उठून पळतील असं मला वाटलं होतं. पण बाबा मुरलेले. दोन सेकंदांत सावरले. "भोळे लोक हो! समजलं नाही? पोरीची बाधा मी इथं बसून काढली, ती एडक्यावर उतरली! बिचारं मुकं जनावर! आता तो एडका वाचत नाही!"

"निर्गंधबाबा की जय!" चारशे घसे ओरडले.

मी कपाळावर हात मारून घेतला. काय बोलणार! खोटं उघडं पडलं तरी त्यातून दुसरं उगवतं, आणि लोकांना तेही हवंच असतं. माझी शिट्टी असती तर जोरात फुंकली असती.

तेवढ्यात सोनाजी बोलला. मोठ्यानं नाही. मेंढरांना हाक मारतो तेवढ्याच आवाजात.

"बाबा, एडक्याचं खूर सडलं तर तुम्ही काय करताल?"

"अंगारा लावीन, बेटा."

"अंगाऱ्यावर राह्यलो असतो तर वाडा कधीच रिकामा झाला असता." त्यानं हातातली लोकर पिळली. "औंदा श्रावणात माझ्या सात मेंढरांची खुरं सडली. चिखलात उभी राहून राहून. त्याला असाच वास येतो, लई घाण. मी काय केलं? कोरड्या माळावर नेली. मोरचुदाच्या पाण्यातून चालवली. पंधरा दिवसांत पळायला लागली. एकाबी मेंढीला मी इचारलं नाय, की बाई, तू उंबरा का ओलांडला?"

सोनाजी आता लोकांकडं वळला.

"माझा बाप हेच करायचा, त्याचा बाप हेच करायचा. ओलं खूर सडतं हे मला जन्मापासून ठावं हाय." त्यानं लोकर खाली ठेवली. "मेंढरासाठी जी अक्कल वापरली ती मी माझ्या पोरीसाठी नाय वापरली. तिचं मलम मी उकिरड्यावर फेकलं."

दिपाली पुढं झाली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

मग मात्र केसरबाईनं, जिची दोन पोरं भरतीची तयारी करतात, सरळ जाऊन हिरवी जाळी ओढली. सोड्याचे रिकामे पुडे, वर्तमानपत्रांची रद्दी, पत्र्यावर जिभा काढून पडलेले जोडे, सगळं चारशे माणसांनी पाहिलं. आणि तो झुपकेदार मिशांचा ऑपरेटर बाबांकडं टक लावून बघत म्हणाला, "अरे! दाढीमुळं वळखलं नाय. हा तर रामकिसन! आमच्या कंपनीत हाऊसकीपिंगला होता. लॉकर रूममधले सेफ्टी बूट हाच सुकवायचा!"

मला एक बोलायचं आहे रामकिसनबद्दल. माणूस कामाचा होता. "इथं बूट स्वच्छ करून, सुकवून मिळतील" अशी पाटी त्यानं लावली असती तर पहिलं गिऱ्हाईक मी झालो असतो आणि त्याला राम राम घातला असता. पण तशी पाटी लावली तर लोक घासाघीस करतात, आणि डोळे फिरवले तर पाया पडतात. यात दोष एकट्या रामकिसनचा नाही. तो त्याच दुपारी मागच्या दारानं जीपमध्ये बसून गेला. समाधीला गेले, असं काही भक्त अजूनही सांगतात.

त्या संध्याकाळी मी सोनाजीच्या घरावरून चाललो होतो. सोनाजी शिडीवर होता. पागोटं घातलेला तो साठीचा माणूस एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं पोरीचे बूट पत्र्यावर मांडत होता. नाड्या सैल, जिभा बाहेर, सुखतळे वेगळे. बानाबाई खाली उभी राहून शिडी धरत होती आणि वर बघून म्हणत होती, "कडंला नका ठेवू, वाऱ्यानं पडतेल!" सोयगावला त्यानं नकार कळवला होता.

मंगळवारी दिपाली पळाली. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर होतो, आत सोडत नाहीत. शेवटच्या दोनशे मीटरला ती तीन पोरींना मागं टाकून आली तेव्हा मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. शेजारचा हवालदार म्हणाला, "काका, बसा खाली, बीपी वाढंल." तिला मैदानात चांगले गुण पडले. लेखी अजून बाकी आहे, पण त्याला बूट लागत नाहीत.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पुढच्या गुरुवारी सकाळी सात वाजता मी दार उघडलं तर माझ्या ओट्यासमोर पंधरा-वीस माणसं. प्रत्येकाच्या हातात गाठ मारलेली कॅरीबॅग. सगळ्यांत पुढं केसरबाई, हातात नारळ.

"सर, तुमच्या हातानं सोडा टाका," ती म्हणाली. "तुमच्या हाताला गुण हाय म्हणं. दिपालीला तुमचाच आशीर्वाद पावला."

मी असा भडकलो की विचारू नका. "अगं बाई, जाळी तू ओढलीस ना? सोड्याचे पुडे तू पाहिलेस ना? सोडा आप्पासाहेबांच्या दुकानात मिळतो, ऊन तुमच्या पत्र्यावर फुकट पडतं. सुखतळा काढा, जोडा सुकू द्या, एकच जोडा रात्रंदिवस घालू नका, मोजे धुवा, पाय कोरडे ठेवा, आणि बोटांत फाटलं तर दवाखान्यात जा! याला माझा हात कशाला? तुम्हाला हात नाहीत? तुम्हाला नाक नाही? डोकं नाही?"

लोकांनी माना डोलावल्या. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, सरांच्या वाणीत केवढं तेज हाय."

तेवढ्यात पहाटेचा सराव आटोपून दिपाली आली. घामेघूम. गर्दी, नारळ, पिशव्या, सगळं तिनं बघितलं आणि काय चाललंय ते तिच्या ध्यानात आलं.

"मावशी," ती केसरबाईला म्हणाली, "सरांनी आशीर्वाद नाय दिला. सर कुंपणाच्या बाहेर होते. आठशे मीटर मी पळले."

दिपालीनं केसरबाईच्या हातातला नारळ घेऊन माझ्या ओट्यावर ठेवला, मग पिशवी घेतली, कॅरीबॅगेची गाठ नखांनी उकलली आणि बूट बाहेर काढून तिच्याच हातात दिले.

"घरी जा. पत्र्यावर ठेवा. शिडी नसंल तर आमची न्या," ती म्हणाली. "आबा देतेल."

केसरबाई बूट हातात घेऊन निघाली. उघडे, पिशवीविना, भर रस्त्यानं. मागं एकेक जण आपापली गाठ सोडवायला लागला.

नारळ मात्र आम्ही फोडला. खोबऱ्याची चटणी केली.